लंगडण्याचे मूळ छातीत

कुत्रा लंगडू लागला की आपण आधी पंजात काटा रुतला आहे का ते पाहतो, आणि त्याचे वय झालेले असेल तर संधिवात असे म्हणून मोकळे होतो. एरवी या दोन्ही शंका रास्तच असतात. मात्र चारही पायांचा खालचा भाग दोन्ही बाजूंना सारखाच सुजला असेल, ती सूज बोटाने दाबल्यावर खड्डा न पडता टणक लागत असेल, पाय हाताला गरम जाणवत असतील आणि उठता-बसता प्राणी कण्हत असेल, तर छाती तपासणे भाग पडते.

या विकाराला हायपरट्रॉफिक ऑस्टिओपथी म्हणतात; माणसांमधील या विकाराचे वर्णन फ्रेंच वैद्य प्येर मारी यांनी १८९० मध्ये केले होते. क्ष-किरण चित्रात निरोगी हाडाची कड गुळगुळीत रेघेसारखी दिसते. इथे मात्र हाडावरच्या पातळ आवरणाखाली नवे हाड साचत जाते आणि ते फणीच्या दातांसारखे कडेशी काटकोनात उभे राहिलेले दिसते. ही वाढ पंजाच्या लांबट हाडांपासून सुरू होऊन वर चढते. सांधे बहुधा शाबूत राहतात, आणि संधिवाताहून वेगळेपण ओळखण्याची खूण हीच.

छातीत बहुतेक वेळा फुप्फुसातली गाठ सापडते, मग ती तिथेच उद्भवलेली असो वा दुसरीकडून पसरलेली. एका पायाच्या हाडाचा कर्करोग फुप्फुसात पोचला की कधी कधी उरलेले पायही सुजतात, आणि रोग त्या हाडांतही शिरला असा समज होतो. प्रत्यक्षात त्या हाडांत कर्करोगाची एकही पेशी नसू शकते. गंमत म्हणजे अशा कुत्र्याला खोकला असेलच असे नाही. पुष्कळदा तो आधी लंगडतो.

छातीतली गाठ पायापर्यंत पोचते तरी कशी, यावर एकमत नाही. पायांकडचा रक्तप्रवाह वाढतो हे दिसते, आणि छातीतून जाणारा व्हेगस मज्जातंतू कापल्यावर पायाची सूज उतरल्याची उदाहरणे आहेत; त्यामुळे त्या मज्जातंतूवर संशय आहे. गाठ काढता आली तर मऊ भागाची सूज व लंगडणे एक-दोन आठवड्यांत ओसरू लागते, हाड पूर्ववत व्हायला मात्र महिने लागतात. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने वेदनाशामके देतात. छाती स्वच्छ निघाली, तर पोटाची सोनोग्राफी करतात, कारण क्वचित मूत्राशयातली गाठही हेच करते.