मालिकेमुळे चढलेला भाव आणि अंकाचा स्वतःचा भाव

“शक्तिमानचा अंक आहे. मालिका किती गाजली होती आठवतंय ना? ठेवून द्या, पुढे सोन्याचा भाव येईल.” ठाण्यात किंवा वाशीत जुनी कॉमिक्स शोधायला निघालं की हे वाक्य कुठे ना कुठे ऐकायला मिळतंच. विकणारा ते मनापासून म्हणतो आणि घेणाराही मान डोलावतो. या वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात: मालिका गाजल्यामुळे अंकाला आलेला भाव, आणि मालिका बंद झाल्यावरही त्या अंकाला मिळत राहणारा भाव. संग्राहक पहिल्या प्रकारच्या अंकाला ‘हॉट’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘की’ (key), म्हणजे कळीचा. काही अंक दोन्ही असतात, पण बहुतेक नसतात.

मालिकेची लोकप्रियता म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. रविवारी दुपारी रस्ते ओस पडलेले आपण पाहिले आहेत. अंकाच्या बाजूच्या काही गोष्टीही पटकन उरकता येतील. पहिली छपाई पुनर्मुद्रणापेक्षा महाग. कोरा अंक दुमडलेल्यापेक्षा महाग. अमेरिकेतली सीजीसी ही संस्था २००० सालापासून अंकांना ०.५ ते १० अशी श्रेणी देऊन ते प्लास्टिकच्या कवचात बंद करते, आणि तिकडे ९.८ आणि ९.४ यांच्या भावात मोठं अंतर पडतं. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

माणसं अडखळतात ती पुढच्या प्रश्नापाशी: अंक मागतंय कोण? मालिकेचा प्रेक्षक, की कॉमिक्सचा संग्राहक?

प्रेक्षकाला गोष्ट हवी असते. मालिका पाहून तो कॉमिककडे वळतो तेव्हा त्याची भूक जाडजूड एकत्रित आवृत्तीने भागते, नाहीतर छापील टी-शर्टने. त्यातले थोडे हौसेने जुना अंक घेतात, पण एकदाच. नवी मालिका आली की ते तिच्यामागे जातात. संग्राहकाचं तसं नसतं. त्याच्या यादीत क्रमांक असतात, मधल्या मोकळ्या जागा असतात, आणि टीव्हीवर काय चाललंय याचा त्या यादीशी संबंध नसतो. या दोघांच्या मध्ये एक तिसरा उभा असतो. तो प्रेक्षक येईल या आशेवर आधीच अंक घेऊन ठेवतो. तेजीच्या काळात खरेदी करणाऱ्यांत याचंच प्रमाण मोठं असतं, आणि मालिका मंदावली की हे सगळे एकदमच विकायला निघतात.

दुसरी बाजू तर कुणी लक्षातच घेत नाही. गाजलेली मालिका नुसती मागणी वाढवत नाही, ती मालही बाहेर काढते. वाशीच्या मार्केटात हापूसची आवक वाढली की भाव उतरतो, हे नवी मुंबईकरांना शिकवावं लागत नाही. कॉमिक्सचंही तेच होतं. भाव चढल्याची बातमी पसरते, लोक माळ्यावरची खोकी उघडतात, कपाटात पडलेले अंक श्रेणीसाठी पाठवतात, आणि कालपर्यंत न दिसणारा अंक जिकडेतिकडे दिसू लागतो. पुरवठा शिगेला पोचतो नेमका प्रेक्षक पांगायला लागतात तेव्हा.

‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकी कॉमिकचं आणि त्यावरच्या मालिकेचं उदाहरण घ्या. पहिला अंक ऑक्टोबर २००३चा, छापला गेला सुमारे ७,३०० प्रती. मालिका सुरू झाली ३१ ऑक्टोबर २०१० रोजी आणि अकरा सीझन चालून २०२२मध्ये संपली. पहिल्या काही वर्षांत अंकाचे भाव भराभर चढले आणि मालिका अजून चालू असतानाच शिखरावरून खाली आले. पहिला अंक आजही स्वस्त नाही, कारण मुळात प्रती कमी आणि एका दीर्घ, गाजलेल्या कॉमिकची ती सुरुवात. पण त्याच्या मागोमाग चढलेल्या अंकांना तेवढा आधार नव्हता. मिशॉन पहिल्यांदा येते तो १९वा अंक, गव्हर्नर येतो तो २७वा. पडद्यावर त्या पात्रांचे दिवस होते तेव्हा हे अंक तापले आणि नंतर थंडावले. नेगन हे पात्र पहिल्यांदा येतं तो १००वा अंक २०१२चा. तो साडेतीन लाखांहून जास्त प्रतींत निघाला, म्हणजे ज्याला हवा होता त्याला तो मिळालेलाच होता. नेगन टीव्हीवर कितीही गाजला तरी अंक दुर्मीळ कसा होणार?

इथे ‘कमी छापलेला’ आणि ‘कमी उरलेला’ यांतला फरकही बघायला हवा. सुपरमॅन पहिल्यांदा आला त्या १९३८च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती निघाल्या, पण आज शंभराच्या आसपासच उरल्या असाव्यात. मुलांनी वाचून फाडल्या, महायुद्धात कागद गोळा झाला त्यात गेल्या. २०२४मध्ये त्यातली एक प्रत साठ लाख डॉलरला विकली गेली. उलट ‘सुपरमॅन’ मासिकाचा १९९२चा, सुपरमॅनच्या मृत्यूचा ७५वा अंक. बातम्यांनी तो घरोघरी पोचवला, दुकानांबाहेर रांगा लागल्या, लाखोंनी विकला गेला, आणि तो ज्या काळ्या पिशवीत बंद होऊन आला तिच्यासकट लोकांनी जपून ठेवला. सगळ्यांनीच जपला, म्हणून त्याला आज फारसं कुणी विचारत नाही.

मालिकेने भाव कधीच टिकत नाही, असंही मी म्हणणार नाही. टिकतो, पण मालिकेने कॉमिकमध्ये काही कायमचं सोडलं तरच. १९६६ साली बॅटमॅनची मालिका आली आणि त्या वर्षी ‘बॅटमॅन’ मासिकाचा सरासरी खप अंकामागे नऊ लाखांच्या आसपास गेला. मार्च १९६८मध्ये मालिका संपली, आणि १९६९पर्यंत खप निम्म्याहून खाली आला होता. त्या वर्षांतले सरसकट अंक मालिकेमुळे मौल्यवान झाले नाहीत. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा जानेवारी १९६७चा ३५९वा अंक मात्र झाला, कारण मालिकेच्या निर्मात्याला हवी होती म्हणून त्यात बार्बरा गॉर्डन ही बॅटगर्ल आली आणि ती पुढे राहिली. बॅटमॅनच्या गोष्टींतली हार्ली क्विन तर जन्मलीच १९९२च्या अ‍ॅनिमेटेड मालिकेत. कॉमिकमध्ये ती १९९३च्या ‘द बॅटमॅन अ‍ॅडव्हेंचर्स’च्या १२व्या अंकात आली आणि तो अंक आजही मागितला जातो. मालिका कधीच संपली, पण पात्र संपलं नाही.

आता आपल्याकडे या. जुन्या अंकांमागे सर्वांत चिवट मागणी मला दिसते ती इंद्रजाल कॉमिक्सची. मार्च १९६४ ते १९९० हे प्रकाशन चाललं, मराठीतही निघत होतं, आणि वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, अंकांसाठी आजही माणसं ठाण्याहून फोर्टपर्यंत जातात. ती कुठल्या मालिकेमुळे जात नाहीत. लहानपणी वाचलेला, रद्दीत गेलेला नेमका तो अंक त्यांना परत हवा असतो. त्यातही मराठी अंक समोर आला तर मी इंग्रजीआधी तोच उचलेन, कारण तो रद्दीवाल्याकडे फार कमी वेळा दिसतो.

याउलट, रामायण-महाभारताच्या मालिकांचा हवाला देऊन अमर चित्रकथेचे अंक ‘रेअर’ म्हणून विकतात त्याचा मला मनस्वी राग येतो. १९६७ला सुरू झालेली ही पुस्तकमाला पिढ्यान्‌पिढ्या पुनःपुन्हा छापली जाते आहे, आणि तोच तिचा मोठेपणा आहे. मागे बारकोड असलेली, म्हणजे नंतर छापलेली प्रत दाखवून तिला ‘जुनी आवृत्ती’ म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे. तसंच, विकणाऱ्याने मागितलेला आकडा हा भाव नव्हे. कुणीतरी मोजला तो भाव. आणि अंक टिकावा म्हणून लॅमिनेट करणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, हे करू नका. त्या क्षणी संग्राहक त्याच्यापासून दूर होतो.

मग शक्तिमानच्या अंकांचं काय? मालिका १९९७ला दूरदर्शनवर आली, २००५पर्यंत चालली. त्या अंकांना आज विचारणारे बहुतेक तेव्हाचे प्रेक्षक आहेत, संग्राहक थोडे. तुमच्याकडे गठ्ठा असेल आणि विकायचा असेल, तर शक्तिमानवरचा चित्रपट पडद्यावर यायची वाट बघू नका. चित्रपटाची घोषणा २०२२च्या फेब्रुवारीत झाली होती. विक्रीची वेळ असते ती अशा बातम्यांच्या आसपासची, कारण तेव्हा तो मधला तिसरा माणूस खरेदीला निघालेला असतो. ठेवायचेच असतील तर पहिले अंक ठेवा, बाकीचे भाचरांना वाचायला द्या.