खुर्चीवरचा 'ऑन' कुठं गळतो?

लातूर, नांदेड, उदगीरकडच्या अकरावी-बारावीच्या इंग्रजीच्या वह्यांत एक वाक्य हमखास भेटतं : 'द चेअर विच आय सॅट वॉज ब्रोकन.' 'सॅट'नंतर 'ऑन' हवा, तो नाही. तपासणारे लाल रेघ मारून शेरा देतात, 'प्रिपोझिशन पक्की करा.' हा शेरा मला चुकीच्या जागी पडलेला वाटतो. त्याच मुलीला नुसतं 'मी खुर्चीवर बसले' एवढंच इंग्रजीत लिहायला सांगा, ती 'आय सॅट ऑन द चेअर' असं बिनचूक लिहिते. म्हणजे प्रिपोझिशन तिला येते. एक वाक्य दुसऱ्यात गुंफताना, ज्याला इंग्रजीत रिलेटिव्ह क्लॉज म्हणतात ते करताना, ती गळते. का गळते हे पाहायला आधी मराठीत डोकवावं लागतं.

मराठीत हीच गोष्ट सांगायच्या निदान तीन रीती आहेत. पहिली भरभक्कम जोडगोळीची : 'ज्या खुर्चीवर मी बसले ती मोडकी होती.' इथं 'वर' जागच्या जागी आहे. दुसरी बोलण्यातली, 'जो' गाळून : 'मी बसले ती खुर्ची मोडकी होती.' 'तळं राखील तो पाणी चाखील' या म्हणीची घडण हीच. तिसरी धातुसाधित विशेषणाची : 'मी बसलेली खुर्ची मोडकी होती.' आता दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात 'वर' शोधा. नाही सापडणार. मराठीनं तो गिळून टाकला, आणि कुणाचंही काही अडलं नाही, कारण खुर्ची आणि बसणं शेजारी आले की 'वर' ऐकणाऱ्याला आपोआप कळतो.

पण हे गिळणंही मोकाट नाही. 'मी पळालेलं घर' म्हटलं तर 'ज्या घरातून मी पळालो ते घर' असा अर्थ निघत नाही. 'तो आलेलं गाव' ऐकून कुणालाही तो त्या गावात पोचला असंच वाटेल, त्या गावाहून निघाला असं वाटणार नाही. 'हून', 'तून' असे प्रत्यय क्रियापदावरून ओळखता येत नाहीत, म्हणून तिथं मराठी पुन्हा 'ज्या गावाहून', 'जिथून' याकडे वळते. कुठला प्रत्यय गिळायचा आणि कुठला राखायचा, हा हिशेब आपल्याकडचं शाळेत न गेलेलं माणूसही न चुकता करतं. मुलांच्या वहीत जी चूक दिसते तिच्यामागे असं काटेकोर व्याकरण उभं आहे, हे शिकवणाऱ्यानं ओळखायलाच हवं.

आपल्या भागात तर या घडणीला शेजाऱ्यांचाही आधार आहे. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलुगू सुरू होते. तिथं 'मी बसलेली खुर्ची' म्हणजे 'नेनु कूर्चुन्न कुर्ची'. उमरगा-निलंग्याच्या खाली कन्नड, तिथं 'नानु कूत कुर्ची'. दोन्हींत 'वर' नाही. द्राविडी भाषांत विशेषणासारखं क्रियापद नामाच्या आधी ठेवायची ही रीत मुख्यच आहे. दखनी उर्दूनं तर उत्तरेकडून येऊनही इथला वळसा उचलला : 'मैं बैठा सो कुर्सी'. या 'सो'वर भाषाशास्त्रज्ञांनी आवर्जून लिहिलं आहे, कारण दिल्लीकडच्या उर्दूत ही रचना अशी चालत नाही. मराठवाड्यातलं मूल घरात, बाजारात, एसटीत ज्या भाषा ऐकतं त्या बहुतेक सगळ्या या एका बाबतीत एकमेकींना दुजोरा देतात.

मग सगळा दोष मायबोलीचा का? तसंही नाही. एलेन क्लाइन या संशोधिकेनं 1993 साली नेमक्या याच गळतीवर पुस्तक लिहिलं. वेगवेगळ्या मातृभाषांच्या, इंग्रजी शिकणाऱ्या लोकांना तिनं तपासलं, तेव्हा साध्या वाक्यात प्रिपोझिशन बरोबर वापरणारी माणसंही प्रश्नात आणि रिलेटिव्ह क्लॉजमध्ये ती सोडून देताना दिसली. ज्यांच्या भाषेत अशी सूट नाही त्यांच्याकडूनही हे घडत होतं. तेव्हा मराठीची सवय हे एक कारण, आणि नवी भाषा शिकणाऱ्या मेंदूची स्वतःची वाट हे दुसरं.

आता इंग्रजी काय करते ते पाहू. 'द चेअर ऑन विच आय सॅट', 'द चेअर विच आय सॅट ऑन' आणि 'द चेअर आय सॅट ऑन', तिन्ही बरोबर. पहिल्यात 'विच' आपल्या प्रिपोझिशनला सोबत घेऊन पुढं येतो. भाषाशास्त्रज्ञ जॉन रॉस यांनी 1967 च्या प्रबंधात या प्रकाराला 'पाइड पायपिंग' म्हटलं. हॅमेलिनच्या बासरीवाल्यामागे उंदीर निघतात तसं. उरलेल्या दोहोंत प्रिपोझिशन मूळ जागीच मागे राहते. जगात मागे राहण्याची ही मुभा फार थोड्या भाषांत आहे. इंग्रजी आणि डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियनसारख्या तिच्या उत्तरेकडच्या बहिणी ती मोकळेपणानं देतात. फ्रेंच, स्पॅनिश, रशियन देत नाहीत.

इंग्रज माणूस घरात यातलं कुठलं बोलतो? 1999 साली डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी सुमारे 4 कोटी शब्दांच्या नमुन्यावर बेतलेलं मोठं व्याकरण काढलं. त्यात गप्पा, कथा-कादंबऱ्या, बातम्या आणि अभ्यासू लेखन वेगवेगळं तपासलं होतं. गप्पांत 'दॅट' किंवा काहीच न घालता जोडलेली वाक्यं जास्त आणि प्रिपोझिशन शेवटी. 'इन विच', 'टू विच' यांचा भर अभ्यासू लेखनात. 'हूम' तर बोलण्यात दुर्मीळच.

तरी आपल्याकडे अनेक वर्गांत अजून सांगतात की वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आली की चूक. याचं मूळ 17 व्या शतकात आहे. कवी जॉन ड्रायडन यांनी 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांना याबद्दल नावं ठेवली आणि पुढं स्वतःच्या जुन्या निबंधातली अशी वाक्यंही बदलली. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. इंग्रजीचा या लकबीकडे ओढा आहे, बोलण्यात ती चालतेच, गंभीर लेखनात मात्र प्रिपोझिशन आधी ठेवणं जास्त डौलदार, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. गंमत म्हणजे ओढ्याबद्दलचं त्यांचं ते मूळ इंग्रजी उपवाक्य 'इन्क्लाइन्ड टू' असं प्रिपोझिशनवरच संपतं. पुढच्या शालेय व्याकरणांनी या सौम्य पसंतीचा कायदा केला, आणि तोच इकडे आला. त्यामुळं 'द हाउस आय लिव्ह इन' असं अगदी अस्सल लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात. हे मला फार लागतं.

काही ठिकाणी मात्र निवड नसते. 'दॅट'च्या आधी प्रिपोझिशन बसत नाही. 'द हाउस इन दॅट आय लिव्ह' कुणी म्हणत नाही. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं. तिथं 'आफ्टर' क्रियापदाला इतका चिकटलेला असतो की त्याला पुढं आणलं तर वाक्य विचित्र होतं. उलट 'द एक्स्टेंट टू विच' यात 'टू' शेवटी ढकलता येत नाही.

आता पुन्हा मराठीकडे वळू. 1977 साली एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉम्री या भाषाशास्त्रज्ञांनी सुमारे 50 भाषा तपासून एक उतरंड मांडली : कर्ता, कर्म, अप्रत्यक्ष कर्म, मग प्रिपोझिशनवालं नाम, मग षष्ठी, शेवटी तुलना. रिलेटिव्ह क्लॉजची जी मुख्य रीत उतरंडीत खालच्या पायरीपर्यंत पोचते, ती वरच्या पायऱ्यांवरही चालते. मराठीची 'जो-तो' जोडी थेट तळापर्यंत जाते, आणि पुरावा म्हणींतच आहे. 'जी खोड बाळा ती जन्मकाळा' हा कर्ता. 'जे न देखे रवि ते देखे कवी' हे कर्म. 'ज्या गावाला जायचं नाही त्याची वाट कशाला विचारायची' यात प्रत्यय शाबूत. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही षष्ठी. तुलनेची म्हण मला आठवत नाही, पण 'ज्याच्यापेक्षा राम उंच आहे तो मुलगा' कुणीही म्हणेल.

वर्गात मी याचा असा उपयोग करतो. आधी म्हण, मग 'ज्या खुर्चीवर' असं प्रत्ययासकट पूर्ण वाक्य, आणि त्यानंतर इंग्रजी. 'आय सॅट ऑन द चेअर' फळ्यावर लिहायचं, 'द चेअर' पुसून पुढं न्यायचं, 'ऑन'ला हात लावायचा नाही. मग मुलांना विचारायचं, अनोळखी माणसाला त्याचं गाव इंग्रजीत कसं विचाराल? सगळे एका सुरात 'व्हेअर आर यू फ्रॉम?' म्हणतात, आणि 'फ्रॉम' कुणीच विसरत नाही. तेच 'फ्रॉम' शेवटी ठेवून 'द व्हिलेज आय अ‍ॅम फ्रॉम' म्हणायला त्यांना फार वेळ लागत नाही.