विज्ञानकथा: तिच्यातला समाज आणि तिच्यातल्या सफरी

विज्ञानकथा म्हणजे विज्ञानातला एखादा शोध, यंत्र किंवा नुसती शक्यता खरी झाली असं धरायचं आणि मग माणसांचं काय होईल ते गोष्टीतून सांगायचं. बोलताना लोक सरळ सायन्स फिक्शनच म्हणतात. रॉकेट आणि एलियन असलेच पाहिजेत असं काही नाही. माझं माप साधं आहे, यंत्र काढलं की गोष्ट कोसळली पाहिजे, आणि माणूस काढला तरी कोसळली पाहिजे, नाहीतर ती कच्ची. हे सोलापुरात बसून लिहितोय म्हणून उदाहरणं इथली जास्त येतील, आणि ती बसतात पण, कारण या प्रकारातले दोन मोठे विषय, पाणी आणि यंत्रामुळं जाणारं काम, हे सोलापूरकराला कुणी समजावून सांगायला नको.

आधी पाणी. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या विज्ञानकथांमध्ये हवामान येतंच. १८९६ साली जगदीशचंद्र बोस यांनी बंगालीत एक गोष्ट लिहिली, केसांच्या तेलाच्या स्पर्धेसाठी, बक्षीसही मिळालं, तिच्यात समुद्रात तेलाची बाटली ओतल्यावर वादळ शांत होतं. १९०५ मध्ये बंगालच्या लेखिका बेगम रुकय्या यांची ‘सुलतानाज ड्रीम’ मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आली, ती तर अजून पुढची. तिच्यात राज्य बायका चालवतात आणि पुरुष पडद्यात बसतात, बायकांच्या विद्यापीठानं आभाळात फुगा सोडलाय, त्याला नळ्या लावल्यात आणि ढगातलं पाणी हवं तेवढं खाली घेतात, म्हणून दुष्काळ नाही आणि पूरही नाही. चूल सूर्याच्या उष्णतेवर चालते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण पाणी भरण्यात बाईचा किती वेळ जातो हे त्या लेखिकेला नीट माहीत होतं, तिनं आधी पाणी सोपं केलं आणि मग राज्य बायकांच्या हातात दिलं असं मला वाटतं.

आणि ती नळीची कल्पना सोलापूरच्या आभाळात खरंच आली, वेगळ्या रूपात. हा भाग पर्जन्यछायेतला, ढग येतात आणि न बरसता जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात ढगांवर प्रयोग केले. विमान ढगाच्या तळाशी न्यायचं, तिथं कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या पेटवायच्या, त्या क्षाराचे बारीक कण ओल धरतात, थेंब मोठे होतात आणि पडतात. एकूण २७६ ढग अभ्यासले, काहींमध्ये कण सोडले, काही तसेच ठेवले म्हणजे तुलना करता येईल, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला १०० चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी १८ टक्के जास्त दिसला. मुळात ढगच नसेल तर यातलं काही होत नाही, हे पण लक्षात ठेवायला पाहिजे. पण गोष्ट लिहिणाऱ्यानं इथून पुढं निघावं: मोहोळवर पाडलेला ढग अक्कलकोटला बरसणार होता का, आणि तसं असेल तर अक्कलकोटच्या शेतकऱ्यानं कुणाला विचारायचं? अशा प्रश्नावरच विज्ञानकथा उभी राहते.

आता दुसरा विषय, यंत्रामुळं जाणारं काम, म्हणजे इथं माग. ‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून आला, त्याच्या भाषेतल्या ‘रोबोटा’चा अर्थ वेठबिगार. त्या नाटकातले रोबॉट पत्र्याचे नाहीतच, माणसासारखेच दिसणारे, कारखान्यात राबायला बनवलेले, आणि शेवटी ते बंड करून उठतात. म्हणजे शब्दाच्या जन्मातच कामगाराचा प्रश्न आहे. इथं तो अजून जवळून दिसतो. सोलापुरी चादरीच्या मागावर वर बघा, जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ असते, दोऱ्यानं एकमेकींना ओवलेली, आणि प्रत्येक पट्टीवर भोकं. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तिचा ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो, मधल्या फटीतून आडवा धागा नेणारा धोटा जातो, की पुढची पट्टी. अशा पट्ट्या फिरत फिरत चादरीवर मोर उतरतो. हे जकार्ड, १८०४ च्या सुमाराचं फ्रेंच यंत्र. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणनयंत्रासाठी हीच भोकांची पट्टी घेतली आणि त्या यंत्रावर लिहिणाऱ्या एडा लव्हलेसनं १८४३ मध्ये लिहिलं की माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणेल. कॉम्प्युटरची आजी आपल्या शेडमध्ये खडखडतेय, हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या, मागवाल्या वस्तीतल्या प्रत्येक पोराला शाळेत सांगायला पाहिजे. हातमाग गेला, यंत्रमाग आला, गिरण्या बंद पडल्या, तेलुगू, कन्नड, मराठी बोलणाऱ्या घरांनी हे सगळं सोसलंय, त्यामुळं यंत्रानं काम नेल्यावर संध्याकाळी घरी काय होतं हे इथल्या लेखकाला कल्पनेनं रचायची गरज नाही.

सफरीच्या गोष्टी लोकांना जास्त माहीत असतात म्हणून थोडक्यात. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या १८६५ च्या कादंबरीत तिघं जण फ्लोरिडातून तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडं निघतात, १९६९ मध्ये अपोलो ११ पण तिथूनच तिघांना घेऊन गेलं. तोफेत माणूस धक्क्यानंच मेला असता, हे त्सिओल्कोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानं ओळखलं आणि हळूहळू वेग घेणाऱ्या रॉकेटचं गणित मांडलं, तो व्हर्नचा वाचकच होता. मराठीत व्हर्नची चंद्राची सफर १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकातून आली.

मराठीत खरा जोर नंतर आला. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, तिच्या १९७४ च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची गोष्ट पहिली आली, लेखक नारायण विनायक जगताप. ते होते जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर कुणी ओळखू नये म्हणून गोष्ट त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढलेली. पुढं बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रकार दिवाळी अंकांतून घरोघर नेला. नारळीकरांची मला सगळ्यात आवडती गोष्ट पानिपतची, तिच्यातले गंगाधरपंत अशा जगात जाऊन पडतात जिथं मराठे पानिपत जिंकलेत आणि इतिहास वेगळाच वळलाय, सगळा फरक कशामुळं तर विश्वासरावांना चाटून गेलेल्या एका गोळीमुळं. तिच्यात अंतराळयान नाही, फक्त क्वांटम सिद्धांत आणि बखरीचं एक पान आहे, तरी ती दूरचीच सफर आहे.