नायट्रोजन डायऑक्साइडचा आकडा येतो कुठून? पार्श्वभूमी

शहरातल्या स्वयंचलित हवा-तपासणी केंद्रांत नायट्रोजन डायऑक्साइडसाठी जे यंत्र बहुतेक ठिकाणी असतं, ते हा वायू थेट मोजत नाही. ते नायट्रिक ऑक्साइड मोजतं. या वायूची ओझोनशी गाठ पडली की काही रेणू उत्तेजित होतात आणि शांत होताना लाल ते अवरक्त पट्ट्यातला मंद प्रकाश सोडतात. बंद, अंधाऱ्या कप्प्यातला तो उजेड लाल फिल्टरमागची फोटोमल्टिप्लायर नळी (अगदी मंद प्रकाशही मोजणारी) टिपते. यालाच केमिल्युमिनेसन्स म्हणतात.

पद्धत मुळात 1970च्या सुमारास पुढे आली. तिला सरकारी मान्यता मिळाली ती आधीची पद्धत फसल्यामुळे. अमेरिकेने 1971 मध्ये मानकं ठरवताना हवा रसायनात बुडबुडवून रंग मोजण्याची पद्धत नेमली होती. द्रावणात वायू किती प्रमाणात शोषला जातो हे कायम राहील, असं तिथे धरलं होतं. प्रत्यक्षात ते प्रमाण हवेतल्या वायूच्या पातळीप्रमाणे बदलत होतं. 1973 मध्ये ती मागे घ्यावी लागली आणि 1976 मध्ये केमिल्युमिनेसन्स संदर्भपद्धत, म्हणजे अधिकृत मोजणीची प्रमाण पद्धत, झाली.

खरा वाद पुढचा. डायऑक्साइड मोजायचा तर आधी त्याचं नायट्रिक ऑक्साइड करावं लागतं. त्यासाठी सुमारे 315 ते 325 अंश सेल्सिअसला तापवलेला मॉलिब्डेनम या धातूचा कन्व्हर्टर, म्हणजे रूपांतर करणारा भाग, निवडला गेला. यंत्र एकदा हवा त्याला वळसा घालून घेतं, एकदा त्यातून नेतं, आणि दोन आकड्यांची वजाबाकी डायऑक्साइड म्हणून छापतं. पण मॉलिब्डेनम निवडक नाही. पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट (उन्हात धुरापासून बनणारं संयुग) आणि यंत्रापर्यंत पोचलं तर नायट्रिक ॲसिडसुद्धा तो नायट्रिक ऑक्साइडमध्ये बदलतो. ती सगळी भर डायऑक्साइडच्या खात्यात जाते. गर्दीच्या रस्त्याकडेला फरक कमी पडतो, कारण तिथे ताजा धूर असतो. दुपारच्या उन्हात, वाहतुकीपासून दूर, मुरलेल्या हवेत तो बराच वाढतो. म्हणजे शहराबाहेरच्या केंद्राचा आकडा जास्त संशयास्पद, आणि ओझोनचा अभ्यास करणाऱ्यांना नेमका तोच लागतो.

हे दोष सत्तरच्या दशकातच नोंदले गेले होते. तरी कन्व्हर्टर टिकला: तो टिकाऊ आहे, देखभाल सोपी, आणि जुन्या नोंदींशी तुलना सुटत नाही. शेवटचं कारण वजनदार आहे, पण ‘यात इतर संयुगंही मोजली जातात’ अशी एक ओळ आकड्याखाली टाकायला त्याची आडकाठी नव्हती. ती ओळ सामान्य वाचकाला क्वचितच दिसते.

भारताच्या 2009च्या मानकांत डायऑक्साइडसाठी दोन पद्धती शेजारी-शेजारी आहेत: केमिल्युमिनेसन्स, आणि सोडियम आर्सेनाइट घातलेली सुधारित बुडबुड्यांची. दुसरीत नमुना गुलाबी होतो आणि त्या रंगाची गडदता मोजली जाते. मर्यादा दोन्हींना एकच, 24 तासांसाठी घनमीटरमागे 80 मायक्रोग्रॅम. दोन पद्धतींच्या चुका मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. हाताने घेतलेला जुना नमुना आणि आजचा यंत्राचा आकडा एकाच आलेखात जोडून ‘प्रदूषण वाढलं’ किंवा ‘घटलं’ म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

आता निळ्या-जांभळ्या एलईडीच्या प्रकाशाने फक्त डायऑक्साइड फोडणारे कन्व्हर्टर मिळतात, आणि रूपांतराशिवाय थेट तो वायू मोजणारी यंत्रंही आली आहेत.