सांगणं वेगळं, धाडणं वेगळं

पुण्याहून आमच्या बेळगावला आलेला पाहुणा विचारतो, कुंदा कुठला घ्यायचा? घरातले चौघे चार दुकानांची नावं घेऊन भांडतात. यातल्या कुणालाही दुकानदार एक पैसा देत नाही. स्टँडबाहेरचा एखादा रिक्षावालाही त्याच पाहुण्याला एका दुकानापर्यंत नेऊन सोडेल. कदाचित तिथला कुंदा चांगलाही असेल, पण त्या फेरीत त्याला दुकानाकडूनही काही सुटत असेल. पहिली शिफारस, दुसरं रेफरल. डेव्हलपरांना सॉफ्टवेअर विकणारे मात्र दोन्हीला सरसकट ‘माउथ पब्लिसिटी’ म्हणून मोकळे होतात.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीसाठी मी बिलिंगचा प्रोग्राम लिहीत होतो. पीडीएफ छापायला विकतची लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रामात जोडायचा आयता भाग, हवी होती. ऑफिसातले सीनिअर, ज्यांना सगळेच दादा म्हणतात, ते म्हणाले, “ती घे की, चांगली हाय. पण कन्नड छापताना घोळ घालतीय, तेवढं आधी बघ.” बघितलं. मराठी ठीक होतं, कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं, मात्र खाली न बसता शेजारी सांडत होती. नुसता फॉन्ट असून भागत नाही. अक्षरं एकमेकांत कशी जुळवायची, तेही लायब्ररीला यावं लागतं. आमच्याकडे बिल दोन्ही भाषांत लागतं, त्यामुळे कन्नडची ओळ दुसऱ्या वाटेनं छापून घेतली आणि लायब्ररी घेतली. दोष आधीच कळला होता म्हणूनच घेतली, असंही म्हणता येईल.

त्याच आठवड्यात एका ओळखीच्यानं व्हॉट्सअॅपवर दुसऱ्या लायब्ररीची लिंक धाडली. “भारी आहे, हा कोड टाक, दोघांनाही सूट.” त्यानं स्वतः तिच्यावर एक पानही छापलं नव्हतं.

म्हणून रेफरल वाईटच, असं नाही. ड्रॉपबॉक्स या ऑनलाइन फायली ठेवायच्या सेवेनं बोलावणाऱ्याला आणि येणाऱ्याला, दोघांनाही जादा जागा दिली आणि ती झपाट्यानं पसरली. तिथं बक्षीस रोकड नव्हतं, तीच वस्तू थोडी जास्त मिळत होती. जो वापरत नाही त्याला त्या जागेचा उपयोग काय? पैसे घेऊन जाहीरपणे वाखाणणाऱ्यानं ते उघड सांगावं, असा नियम आपल्याकडे २०२२ पासून आहे. व्हॉट्सअॅपवरच्या मित्राला कोण विचारणार, ते सोडा.

डेव्हलपर याबाबतीत जास्त चिकित्सक, कारण चेक मालक लिहितो आणि रात्री अकराला फोन आम्हाला येतो. त्यामुळे शिफारस विकत मिळत नाही, पण तिची वाट मोकळी ठेवता येते. सब्लाइम टेक्स्ट हा कोड लिहायचा विकतचा एडिटर मुदतीशिवाय वापरून बघता येतो. अधूनमधून सेव्ह करताना ‘विकत घ्या’ एवढी आठवण करतो. याउलट किंमत लपवून ‘कोटेशनसाठी संपर्क करा’ लिहिलं, की दादांसारख्या माणसाला दुसऱ्याला सांगण्याजोगं काही उरतच नाही. डॉक्युमेंटेशन उघडं, दर उघडा, कार्ड न मागता चाचणी: बोलणारा यावर बोलतो.

मधला एक प्रकार फसवा आहे. जेटब्रेन्स ही प्रोग्रामिंगची साधनं विकणारी कंपनी विद्यार्थ्यांना ती फुकट देते. व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय इथंच, इंजिनीअरिंगची पोरंही भरपूर. त्यातलं एखादं पुढे बेंगळुरूला नोकरीला लागतं आणि मॅनेजरकडे त्याच साधनाचं लायसन मागतं. मग फुकट दिलं ते लाच झालं का? मला नाही वाटत. चार जणांना सांग, तरच मिळेल, अशी अट तिथं नाही. उद्या त्या पोरानं शिव्या घातल्या तरी त्याचं काही कापलं जात नाही.

पुढे आमच्या त्या पीडीएफवाल्यांनीही रेफरल योजना काढली. मी म्हटलं, दादा, तुम्ही तर सगळ्यांना तीच सांगता, लिंक का घेत नाही?

“लिंक घेतल्यावर कन्नडचा घोळ सांगायला तोंड उघडतंय होय माझं?”