जुन्या वाड्याचं कलाकेंद्र करणं (बेळगाव सीमाभाग)

वाडा, जुनी कचेरी, शाळा, वखार किंवा बंद पडलेलं थिएटर, असलं एखादं जुनं बांधकाम पाडून टाकण्याऐवजी नीट दुरुस्त करायचं, लागेल तेवढंच वाढवायचं, आणि नाटक, गाणं, भजन, चित्रकला, वाचन ह्यासाठी गावाला कायमची जागा करून द्यायची, ह्याला जुन्या वास्तूचं कलाकेंद्र करणं म्हणतात. बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर ह्या पट्ट्यात असलं करता येईल अशा वास्तू अजून उभ्या आहेत. काहींचे हिस्सेदार पुण्या-मुंबईला, काहींना कुलूप, काहींचं अर्धं छप्पर खाली आलेलं.

इथं कलेची परंपरा कमी पडेल असं अजिबात नाही. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर ह्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, कुमार गंधर्व १९२४ साली सुळेभावीत जन्मले, कन्नड लोकनाट्य श्रीकृष्ण पारिजात इथल्याच कुलगोडच्या तम्मण्णांमुळं गावोगाव पोचलं, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० साली झालं (१९४६ मध्येच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला), आणि २०१५ ला नाट्य संमेलनही इथंच भरलं. कडोली, येळ्ळूरसारखी गावं तर आपली स्वतःची साहित्य संमेलनं भरवतात. पण यात्रेतल्या नाटकाची तालीम कुठं होते ते बघा, देवळाच्या मंडपात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात, तेही आरती आणि परीक्षा सांभाळून. बेळगावात प्रयोगाला हॉल मिळतो, रोजच्या तालमीला, रियाजाला खोली मिळत नाही. कलाकेंद्राचं खरं काम हे आहे, वर्षातल्या मोठ्या कार्यक्रमांपेक्षा रोज संध्याकाळी उघडी असणारी जागा. हे डोक्यात पक्कं असलं तर दुरुस्तीतले बरेच चुकीचे निर्णय टळतात.

दुरुस्ती छपरापासून सुरू होते. रंग, फरशी, लाईट सगळं नंतर. खानापूरच्या बाजूला सह्याद्रीचा पाऊस आहे, बेळगावातही जून ते सप्टेंबर झड थांबत नाही, आणि मंगळुरी कौल एक जरी सरकलं तरी पाणी रीपेवरनं वाशाच्या टोकाला जातं, तिथं भिंतीत शिरलेलं लाकूड आतल्या आत कुजत राहतं आणि वरनं काही दिसत नाही. चांगला सुतार वाशाच्या टोकाला हातोडीनं ठोकून बघतो, आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर वाळवी नाहीतर कूज. सगळा वासा बदलायची गरज बहुतेक वेळा नसते, कुजलेलं टोक कापून तेवढाच सांधा करता येतो. पैसे वाचतात, आणि जुना सागवान आज विकत घ्यायचा म्हटलं तर मिळणारही नाही.

भिंतींचं वेगळंच. इकडचा जांभा खाणीतनं काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण सच्छिद्रच राहतो, म्हणजे पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. जुन्या लोकांनी त्यावर चुना लावला कारण चुन्यातनं ती ओल बाहेर पडते. आता होतं काय, कमिटी नवीन येते, भिंत खराब दिसते, लगेच सिमेंट प्लास्टर आणि वर ऑइल पेंट, वर्षभर चकाचक, मग खालनं पोपडे सुटायला लागतात कारण ओल आत कोंडली, आणि मातीत बांधलेली भिंत असेल तर ती आतनं ढिली होते. वाडे जेवढे दुर्लक्षानं पडले तेवढेच असल्या दुरुस्तीनं पडलेत असं स्पष्ट म्हणायला पाहिजे. चुन्याचं काम संथ आहे, चुना आधी विझवून भिजत ठेवायचा, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, घालून मळायचा, जुने गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे, लावल्यावर बरेच दिवस ओला ठेवायचा. भर पावसात हे होत नाही. म्हणून कंत्राट देताना दिवाळीनंतर काम चालू आणि पावसाच्या आत छप्पर झाकलेलं, असा हिशोब धरावा लागतो.

वाढवणं हा वादाचा भाग, आणि इथंच हौस आवरायला लागते. वाड्याच्या मधल्या भिंती पाडून तिथं तीनशे खुर्च्यांचा हॉल करू नये. त्या भिंतींवर माडी उभी आहे. सोप्यात वाचनालय किंवा चित्रांचं प्रदर्शन छान बसतं, चौकात भजन, पोवाडा, लहान मुलांचं नाटक होतं, माडीवर गाण्याची बैठक. लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, आणि मातीच्या भिंतीमुळं आवाज घुमत नाही, माईकशिवाय तंबोरा शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. पण त्याच माडीवर लेझीम नाहीतर झांजपथक चढवायचं नाही, ती घरच्या वापरासाठी बांधलेली, एका ठेक्यात पन्नास पाय पडायला नाही. इंजिनिअरकडनं तिची ताकद तपासून माणसांचा आकडा दारावर लिहावा.

जे मोठं, जड, ओलं आहे ते सगळं मागच्या परड्यात, नव्या बांधकामात घ्यावं. स्टेज, मेकअपची खोली, बायकांसाठी वेगळं टॉयलेट, सेट आणि चित्ररथाचं सामान ठेवायची शेड, व्हीलचेअरसाठी रॅम्प. हे नवं जुन्यासारखं नटवायची गरज नाही, जुन्या वास्तू जपण्याबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही हेच आहे की नवी भर नवीच दिसली पाहिजे, जुन्याची नक्कल नको. उंची मात्र जुन्या आढ्याच्या खाली ठेवावी. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गोष्ट उलटी, तिथं मोकळी मोठी जागा आधीच असते, तिथं खिडक्या आणि वाऱ्याची सोय करावी लागते.

आगीचा विचार शेवटी करून चालत नाही. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं आणि सीमाभागातल्या नाटकवाल्यांनाही घरचं कोणीतरी गेल्यासारखं झालं. लाकडी वास्तूत वायरिंग पाइपातनंच पाहिजे, मेन स्विच रोज रात्री बंद, आणि एकाच अरुंद जिन्यावर सगळी माडी अवलंबून असेल तर दुसरा जिना बाहेरनं काढल्याशिवाय कार्यक्रम घेऊ नये.

कागदपत्रांत पहिला प्रश्न हिस्सेदारांचा. सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय एक रुपया घालू नये, आणि मालकी विकत घेता येत नसेल तर लांब मुदतीचा भाडेकरार करावा, वर्षापेक्षा जास्त मुदत असली की तो रजिस्टर करावाच लागतो. संस्था कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली नोंदवता येते. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती ह्या जुन्या जैन मंदिरासारखं केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. वाढीचं स्वप्न बघायच्या आधी टेप घेऊन हे मोजावं.

चालवणं हे बांधण्यापेक्षा अवघड. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं, ते टिकलं कारण पिढ्यानपिढ्या लोक वर्गणी भरत आणि पुस्तकं नेत राहिले. कलाकेंद्रालाही तेच लागतं, तालमीला थोडंसं भाडं, क्लासची फी, आणि त्यातनं दर मे महिन्यात कौलं परतण्याचा खर्च आधी बाजूला. पाटीवर कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्यात २०२४ ला झालेल्या बदलाप्रमाणं साठ टक्के कन्नड लागतं, उरलेल्यात मराठी ठळक लिहावी. आणि वर्षाच्या कॅलेंडरमध्ये मराठी नाटकांच्या जोडीनं पारिजातालाही तारीख द्यावी, कारण गल्लीतले निम्मे शेजारी ते ऐकतच मोठे झालेत, आणि छप्पर गळतं तेव्हा शिडी घेऊन आधी तेच येतात.