दोन नाले मिळतात तिथे पाणी का चढते?

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाजवळ वाकोला नाला मिठी नदीला मिळतो. वरवर पाहता हिशेब सोपा वाटतो: इकडचे पाणी अधिक तिकडचे पाणी, आणि खाली तेवढी रुंदी. हा हिशेब अपुरा आहे, हे जलशास्त्राला कळायलाही बराच काळ लागला.

१८०२ मध्ये जॉन प्लेफेअर या स्कॉटिश अभ्यासकाने नोंदवले की उपनद्या बहुधा मुख्य नदीच्या पातळीलाच येऊन मिळतात. ते भूरूपाचे निरीक्षण होते. उघड्या कालव्यांच्या संगमाचे पहिले पद्धतशीर गणित एडवर्ड टेलर यांनी १९४४ मध्ये मांडले. समान रुंदीचे, सपाट तळाचे आयताकृती कालवे घेऊन त्यांनी संवेगाचे (वस्तुमान गुणिले वेग) समीकरण लावले. ४५ अंशांच्या कोनात प्रयोग आणि गणित जुळले, १३५ अंशांत फसले. प्रवाह भिंतींच्या दिशेने मुकाट वळेल, हे गृहीतकच तिथे टिकले नाही.

पुढे १९८० च्या दशकात जेम्स बेस्ट यांनी संगमाचे भाग वेगळे करून दाखवले, आणि माझ्या मते मुंबईसाठी मोलाचे आहे ते हेच. बाजूने येणारे पाणी मुख्य प्रवाहात आडवे घुसते. ते काठाला लगेच चिकटू शकत नाही, म्हणून संगमाच्या लगेच खाली, उपनाल्याच्या बाजूला, पाणी संथपणे गोल फिरत राहते. तेवढी रुंदी वाहण्याच्या कामाची राहत नाही. उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यातून सगळा विसर्ग जोरात जातो. तिथे तळ खरवडला जातो, आणि संथ भागात गाळ बसतो. कोन जितका काटकोनाकडे झुकतो आणि उपनाल्याचा वाटा जितका मोठा, तितका हा मृत भाग रुंदावतो. नाल्याचा एकूण प्रवाह संथ असेल, तर या अडथळ्याचा फुगवटा मागे, वरच्या बाजूला सरकतो, तोही दोन्ही शाखांत. म्हणून स्वतःची रुंदी पुरेशी असलेला नालाही काठ सोडतो.

मुंबईत या सगळ्यावर समुद्राची पातळी असते. माहीमच्या खाडीत भरती असली की मिठीचे पाणी आधीच फुगलेले असते, आणि वाकोल्याला मिळायचे ते या फुगलेल्या पाण्यात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. शहरातली जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिमीच्या हिशेबाने बांधलेली होती. ताशी ५० मिमी धरणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल, म्हणजे ही व्यवस्था सुधारण्याचा आराखडा, १९९३ मध्येच आला होता. पुरानंतर माधव चितळे समितीने कारणे तपासली, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने मिठीचा अभ्यास केला.

नाला रुंद करताना मोजमाप बहुतेकदा सरळ लांबीत होते. संगमाच्या खालचा काठ किती गोलवायचा, उपनाला कोणत्या कोनात आणायचा, भरतीची कोणती पातळी धरायची, हे त्या मोजमापात आपोआप येत नाही. ते वेगळे काढावे लागते, प्रत्येक संगमासाठी.